पाच वह्या आणि सहावा मजला

१

मंगळवारी दुपारी दोन वाजून छत्तीस मिनिटांनी रुग्णालयाचे सगळे नेटवर्क बंद पडले. औषधांच्या खिडकीवरचा संगणक गोठला. एक्स-रेचे फोटो अर्धवट उतरून थांबले. परिचारिकांनी कागद-पेन काढले. दोन शेहेचाळीसला, कोणी काही केलेले नसताना, सगळे पुन्हा सुरू झाले. दहा मिनिटांत कोणत्याही रुग्णाला इजा झाली नाही.

तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे दोनशे खाटांचे रुग्णालय. नेटवर्क विभाग तळघरात, माणसे दोन. विभागप्रमुख पेंग यी-रोउ, वय चौतीस. दुसरा शाओ कुआन-त्झे, सुरक्षेच्या कामासाठी बाहेरच्या कंपनीने वर्षभरासाठी पाठवलेला.

साडेतीनला शाओला सहाव्या मजल्यावरच्या तारांच्या कपाटात एक जुनी राखाडी पेटी सापडली. विभागाच्या यादीत ती नव्हती. पेटीच्या स्मृतीत त्या दुपारच्या दोन नोंदी होत्या. दोन एकतीस : प्रवेश. दोन तेहेतीस : सतरा नंबरचे पोर्ट बंद केले. पोर्ट म्हणजे तार बसवायची खाच.

म्हणजे नेटवर्क पडण्याआधी पाच मिनिटे कोणीतरी चोरवाटेने आत शिरले होते.

चार वाजता अधीक्षक वेन यांनी यी-रोउला बोलावले. पेटी कोणी बसवली, असे विचारले. ती म्हणाली, ‘‘मी.’’ आत कोण शिरले होते? ती म्हणाली, ‘‘मीच.’’ का, याचे उत्तर तिने दिले नाही. तिला निलंबित करून किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. बुधवारी संध्याकाळी पाचला समिती बसणार होती. तिची अकरा वर्षांची नोकरी राहणार की जाणार, ते तिथे ठरणार होते.

२

बुधवारी सकाळी दहा वीसच्या गाडीने फांग सू-युए आल्या. आरोग्य खात्याच्या विभागीय कार्यालयात अशा चौकशांसाठी त्यांनाच पाठवत. वय साठ, केस आखूड. गाडीतून उतरल्यावर फलाटावरच्या घड्याळाकडे पाहून त्यांनी मनगटावरचे घड्याळ जुळवले. ही त्यांची रोजची सवय होती, आणि कार्यालयात त्यावरून त्यांची चेष्टा होत असे.

यी-रोउ तळघराबाहेरच्या बाकावर बसली होती. आत जायची तिला परवानगी नव्हती.

‘‘जेवलीस का गं?’’ सू-युएंनी विचारले.

‘‘नाही, फांगताई.’’

‘‘गुन्हा कबूल केलेल्यांनी जेवायला हरकत नसते. घे.’’ त्यांनी पिशवीतून पेरूच्या फोडी काढल्या. ‘‘आता सांग. सतरा नंबरचं पोर्ट कशाला बंद केलंस?’’

‘‘चूक झाली.’’

‘‘कसली चूक?’’

‘‘चुकीचा नंबर टाइप केला.’’

‘‘मग बरोबर नंबर कुठला होता?’’

यी-रोउने पेरूची फोड हातात फिरवली. ‘‘आठवत नाही.’’

‘‘अकरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला आठवत नाही. बरं.’’ सू-युए बाकावर टेकल्या. ‘‘खोटं बोलायची सवय नाही तुला. फार लवकर उत्तरं देतेस. तुमच्याकडे कू मास्तरांच्या वह्या असतात म्हणे. अजून लिहितेस?’’

तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. कू चिन-फा यांनी तीस वर्षांपूर्वी या रुग्णालयात पहिली तार ओढली होती. नेटवर्क सांभाळणे म्हणजे पाच कामे, आणि प्रत्येक कामाला एक वही, असे ते शिकवत. बिघाड, मांडणी, वापर, वेग, पहारा. सगळे संगणकावर आले तरी वह्या बंद झाल्या नाहीत.

‘‘रोज लिहिते. मास्तर म्हणायचे, एक वही वाचून कधी बोलू नकोस. पाचही शेजारीशेजारी उघड, मग तोंड उघड.’’

‘‘शाओ कुठली वाचतो?’’

‘‘पहाऱ्याची. बाकीच्यांना तो वाण्याच्या चोपड्या म्हणतो.’’

सू-युएंनी पाचही वह्या मागवल्या आणि तळघरातल्या लांब टेबलावर ओळीने उघडल्या. तिसऱ्या वहीत, वापराच्या, कोण किती वेळ लाइन वापरते याच्या नोंदी होत्या. तिथे यी-रोउच्याच अक्षरात गेले पाच आठवडे रोज एक ओळ होती. ‘जुनी लाइन, ६१२, सकाळी ७.४७ पासून.’

मांडणीच्या वहीतून तिने पेटी लपवली होती. वापराच्या वहीत मात्र तिची रोजची नोंद ठेवली होती.

चोरून काम करणारा माणूस एवढा प्रामाणिक का वागेल? आणि ६१२ म्हणजे काय?

३

‘‘खोलीचा नंबर आहे तो,’’ सहाव्या मजल्याची मुख्य परिचारिका यिन म्हणाली. ‘‘आमच्या मजल्यावर बरं होऊन घरी जाणारे नसतात, ताई. आम्ही फक्त दुखू देत नाही. तिथे आधी वेळ विचारून जायचं. त्या शाओला काल मीच अडवलं. तारेमागे तारेमागे खोल्यांत घुसायला निघाला होता.’’

‘‘कपाटाची किल्ली कुठे असते?’’

‘‘इथे, माझ्या डोक्यामागे, खिळ्याला. काल चारनंतर शाओ घेऊन गेला.’’

‘‘काल दुपारी कपाटात कोण गेलं होतं?’’

‘‘कोणी नाही.’’

‘‘नीट आठवा.’’

‘‘मी दोनपासून इथेच बसून होते. कोणी नाही म्हणजे कोणी नाही. शाओ गेला तो साडेतीनला.’’

यिन खोटे बोलत नव्हती. सू-युएंना ते जाणवले, आणि म्हणूनच त्या अस्वस्थ झाल्या.

शाओने कपाट उघडून दिले. आत डोळ्यांच्या उंचीवर स्विच, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी. खाली ती जुनी राखाडी पेटी. आणि स्विचवर, इथल्या प्रत्येक यंत्रावर असते तसे, मक्याच्या कुरकुऱ्यांचे हिरवे पाकीट. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून ते ठेवतात. हिरवेच लागते, कारण यंत्राचा दिवा हिरवा राहायला हवा. त्यावरची तारीख उलटली की यंत्र बिघडते असे सगळे मानतात, आणि न मानणारेही पाकीट वेळेवर बदलतात.

हे पाकीट कोरे करकरीत होते. तारीख पुढच्या वर्षाची. त्यावर शाईने, सावकाश काढलेल्या अक्षरांत लिहिले होते, ‘सहावा मजला. थकू नकोस.’

‘‘हे तू ठेवलंस?’’

‘‘मी सुरक्षेचं काम करतो, बाई. पुजारी नाही.’’ शाओने ओठ मुडपले. मग थोडे थांबून म्हणाला, ‘‘तसं माझ्या टेबलावर एक आहे.’’

सू-युएंनी मांडणीची वही उघडून कपाटाशी ताडून पाहिली. वहीत लिहिले होते : ‘१७ रिकामे. १८ मध्ये एक्स-रेच्या फिरत्या गाडीची निळी तार. गाडी नसेल तेव्हा दुसरे टोक मोकळे, हुकाला.’

हुक रिकामा होता. निळी तार अठरामधून निघत होती आणि सतरामध्ये शिरत होती. मधला सैल भाग गुंडाळून लाल प्लास्टिकच्या दोरीने बांधला होता. दोरीला छोटा, नीट ओढलेला फासा.

‘‘हे काल असंच होतं?’’

‘‘असेल. मी राखाडी पेटी बघत होतो.’’

‘‘राखाडी पेटीची दुसरी तार कुठे जाते?’’

‘‘भिंतीत.’’

भिंतीपलीकडे ६१२ होती.

४

खाटेवर कू मास्तर होते. वय एकाहत्तर, नाकाला प्राणवायूची नळी. छातीवरच्या लहान टेबलावर जुना लॅपटॉप होता आणि त्यावर रुग्णालयाचा नकाशा. मजल्यामजल्यावर हिरवे ठिपके. उजव्या हाताची दोन बोटे कळफलकाशेजारी ठेवलेली होती.

त्यांची बायको आ-चू डब्याचे झाकण काढत होती. डबा रुमालात बांधून आणलेला. रुमालावरून सोडलेली लाल प्लास्टिकची दोरी तिने मनगटाला गुंडाळून ठेवली होती.

सू-युएंनी दोरीकडे पाहिले आणि नजर वळवली.

‘‘माशाची पेज आहे, तुम्ही घ्या ना,’’ आ-चू म्हणाली. ‘‘हे तीन चमचे खातात आणि पोट भरल्याचं नाटक करतात.’’

‘‘मीठ... कमी,’’ मास्तर म्हणाले.

‘‘बेचाळीस वर्षं हेच ऐकतेय. डॉक्टरांनी सांगितलंय कमी घालायला!’’ ती सू-युएंकडे वळली. ‘‘यी-रोउला काही होणार नाही ना हो? हा नकाशा तिनेच लावून दिला. इथे आल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आता सकाळी उठून दिवे बघतात. सगळे हिरवे असले की पेज खातात.’’

‘‘उठतात किती वाजता?’’

उत्तर दारातून यिनने दिले. ‘‘आठ. आठला मी खाट वर करते, औषध देते, चष्मा लावते, मग हे यंत्र पुढ्यात ठेवते. त्याआधी बटण कुठलं आणि बशी कुठली, हेसुद्धा दिसत नाही यांना.’’

‘‘आठच्या आधी कधी?’’

‘‘पाच आठवड्यांत एकदाही नाही. औषधाची वेळ आहे ताई, माझी सही असते त्यावर.’’

सू-युएंनी वापराची वही मनातल्या मनात उघडली. रोज सकाळी ७.४७.

आ-चू रिकामा डबा धुवायला गेली. मास्तर सू-युएंच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. मग त्यांनी डोळे मिटले. झोपेसाठी मिटले नव्हते.

५

तीन वाजता सू-युएंनी शाओला तळघरातल्या टेबलाशी बसवले. पाच वह्या ओळीने उघड्या होत्या.

‘‘दोन तास आहेत. माझं चुकलं तर अडव. आधी बिघाडाची वही. सुरुवात २.३६, शेवट २.४६. ही वेळ कुठून येते?’’

‘‘मुख्य यंत्रावरून. ती सरकारी घड्याळाशी जुळलेली असते.’’

‘‘आणि तुझी २.३१?’’

‘‘राखाडी पेटीच्या आतल्या घड्याळातून.’’

‘‘ते कशाशी जुळलेलं असतं?’’

शाओ बोलायला गेला आणि थांबला. ‘‘यादीतल्या सगळ्या यंत्रांची वेळ रोज जुळवली जाते.’’

‘‘आणि यादीत नसलेल्या यंत्राची?’’

शाओने पेटीच्या नोंदींचा कागद पुढे ओढला.

‘‘यी-रोउ वापराच्या वहीत पेटीचीच वेळ उतरवते. पेटी म्हणते सात सत्तेचाळीस, तेव्हा यिनच्या सहीवर आठ वाजलेले असतात. पाच आठवडे, रोज. पेटी तेरा मिनिटं मागे आहे. तू तिच्यावर विश्वास ठेवलास, कारण तू एकच वही वाचलीस. आता तुझ्या नोंदीत तेरा मिळव.’’

शाओने कागदावर लिहिले. प्रवेश २.४४. सतरा नंबरचे पोर्ट बंद २.४६.

‘‘२.४६ ला तर नेटवर्क सुरू झालं,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘आपोआप, असं सगळे म्हणतात. आता वेगाची वही बघ. कोणी काही तोडलं असतं तर वाहतूक कमी झाली असती. इथे २.३६ ला सहाव्या मजल्यावरून पूर आलाय. आणि २.४६ ला एका क्षणात ओसरलाय. मांडणीच्या वहीप्रमाणे सतरा रिकामं हवं. तू स्वतः पाहिलंस, त्यात निळ्या तारेचं दुसरं टोक आहे.’’

‘‘वेटोळं!’’ शाओ उभा राहिला. ‘‘एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. निरोप निघाला की फिरून तिथेच येतो, स्विचला वाटतं नवा आला, तो परत सगळ्यांना पाठवतो. तो सहाव्या मजल्यावरचा स्विच इतका जुना आहे की त्याला हे ओळखताच येत नाही. अख्खं रुग्णालय बुडणार त्यात.’’

‘‘बुडालंच. तू काय करत होतास तेव्हा?’’

‘‘आत शिरायचा प्रयत्न. पण पुरातून आमचीच आज्ञा पुढे जाईना. ती राखाडी पेटी मात्र वेगळ्या, जुन्या तारेवर आहे. तिच्यापर्यंत पूर पोचत नाही.’’ तो पुन्हा बसला. ‘‘म्हणजे जो आत शिरला त्याने मोडलं नाही. त्याने दुरुस्त केलं.’’

‘‘आणि २.४४ ला यी-रोउ कुठे होती?’’

‘‘माझ्या शेजारी. ओरडत होती माझ्यावर, ‘ते कळफलक बडवणं थांबव’ म्हणून.’’ शाओच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ‘‘तिने केलंच नाही. फांगबाई, मी तिच्या नावाने तक्रार लिहिलीय.’’

‘‘हातात पेन आहेच. आता दुसरं काहीतरी लिही.’’

तो लिहू लागला. मध्येच मान वर करून त्याने विचारले, ‘‘पण तार कोणी घातली? यिन तर म्हणते कपाटात कोणी गेलंच नाही.’’

‘‘माझा प्रश्न चुकला होता,’’ सू-युए म्हणाल्या आणि त्यांनी सहाव्या मजल्यावर फोन लावला. ‘‘यिनताई, काल पाकीट कोणी बदललं?’’

‘‘पाकीट होय? ते आ-चूकाकूंनी. जुन्याची तारीख कालच संपत होती, मास्तरांना चैन पडेना. काकू खालच्या दुकानातून नवं घेऊन आल्या, मी किल्ली दिली. अडीच वाजले असतील. का हो?’’

‘‘मघाशी तुम्ही म्हणालात कोणी गेलं नाही.’’

‘‘कपाटात काम करायला कोणी गेलं नाही, ताई. पाकीट बदलणं म्हणजे काय आत जाणं असतं?’’

शाओने हे ऐकले. त्याने लिहिणे थांबवले होते.

६

चार वाजता सू-युए पुन्हा ६१२ मध्ये गेल्या. आ-चू नव्हती. यिनने तिला मुद्दाम चहाला नेले होते.

‘‘मास्तर, तुम्ही बोलू नका, मी बोलते. काल तुमच्या नकाशावर सहावा मजला लाल झाला. आ-चूकाकू नुकत्याच पाकीट बदलून आल्या होत्या. तुम्हाला लगेच कळलं.’’

‘‘आठ मिनिटं... लागली,’’ मास्तर म्हणाले. ‘‘बोटं... हळू चालतात.’’

‘‘शाओला त्या आठ मिनिटांत काहीच जमलं नाही. त्याला दोन्ही हात आहेत.’’

मास्तरांचे ओठ किंचित हलले. मग ते गंभीर झाले. ‘‘मोकळी तार दिसली की... मी घरीसुद्धा ओरडायचो. आयुष्यभर. तिला वाटलं... मला आवडेल.’’ श्वास घ्यायला ते थांबले. ‘‘तिला सांगू नका. थोडे दिवस... राहिलेत. मग ती एकटी. हे घेऊन... एकटी नको.’’

‘‘आणि यी-रोउ?’’

‘‘तिला म्हटलं... माझं नाव सांग. ऐकत नाही. म्हणते, तुमचं नाव सांगितलं की... तारेचं विचारतील.’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसण्याइतका हात वर जात नव्हता. सू-युएंनी रुमाल काढून पुसले.

‘‘तुमच्या शिष्येने हे यंत्र यादीत घातलं नाही. नियम मोडला, तो मी लिहिणार आहे. त्याबद्दल ताकीद मिळेल, मिळायलाच हवी. पण नोकरी जाण्यासारखं तिने काही केलेलं नाही. आणि एक सांगते, रागावू नका. तुमच्या पेटीचं घड्याळ तेरा मिनिटं मागे आहे.’’

मास्तरांनी डोळे विस्फारले. इतका वेळ न दिसलेली लाज त्यांच्या चेहऱ्यावर आली.

‘‘तेरा?’’

‘‘तेरा.’’

तेवढ्यात आ-चू आत आली. ‘‘काय बोलणं चाललंय माझ्यामागे? यांनी कपाटाचं सांगितलं का तुम्हाला? मी काल गेले ना, तर एक निळी तार नुसती लोंबत होती. यांच्या वेळी असं कधी चाललं नसतं. मी तिला खाच शोधून नीट बसवली, उरलेली गुंडाळून बांधली. यांना म्हटलं, आता निर्धास्त झोपा.’’

नकाशावरचे ठिपके हिरवे होते.

‘‘नीटनेटकं बांधलंय तुम्ही,’’ सू-युए म्हणाल्या. ‘‘मी पाहिलं.’’

आ-चू खूश झाली आणि तिने नवऱ्याची उशी सारखी केली.

पाचला समिती बसली. सू-युएंचा अहवाल दीड पानाचा होता. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : ‘कपाटातील पाकीट बदलणाऱ्या व्यक्तीकडून सद्हेतूने मोकळी तार जोडली गेली. कपाटाच्या किल्लीची नोंदवही नाही. स्विच जुना आहे, बदलावा. २.४६ ला बिघाड दूर करणारी आज्ञा विभागाचे माजी प्रमुख कू चिन-फा यांनी दिली.’ सोबत शाओची सही असलेला जबाब होता. २.४४ ला पेंग यी-रोउ त्याच्या शेजारी उभी होती.

अधीक्षक वेन यांनी अहवाल दोनदा वाचला. ‘‘व्यक्तीचं नाव लिहिलेलं नाही.’’

‘‘नाही,’’ सू-युए म्हणाल्या.

‘‘फांगबाई, पाकीट कोणी बदललं हे तुम्हाला माहीत आहे.’’

‘‘हो.’’

‘‘मग लिहा. नाव असल्याशिवाय मी निलंबन कसं मागे घेऊ? वरच्यांना काय सांगू?’’

‘‘माझी चौकशी यंत्रणेची होती. यंत्रणेत काय चुकलं ते सगळं त्यात आहे.’’

वेन यी-रोउकडे वळले. ‘‘तू सांग. नाव सांग आणि उद्यापासून कामावर ये.’’

यी-रोउने पाचही वह्या मांडीवर धरल्या होत्या. तिने मान हलवली. नाही.

बाहेर कचऱ्याच्या गाडीचे गाणे वाजत गेले. वेन यांनी कपाळ चोळले आणि समिती अर्ध्या तासासाठी उठवली. राखाडी पेटी काढून टाकायचा तोंडी हुकूम त्यांनी शाओला दिला. शाओ सहाव्या मजल्यावर गेला, कपाट उघडले, आणि लेखी हुकुमाशिवाय तारेला हात लावता येत नाही असे खाली कळवून तिथेच उभा राहिला.

सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत समिती पुन्हा बसलेली नव्हती. निलंबन मागे घेतलेले नव्हते आणि कायमही झालेले नव्हते. लेखी हुकूम निघालेला नव्हता. ६१२ ची लाइन चालू होती.

सू-युएंनी सकाळीच पेटीतल्या सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवली होती. शाओने सहा दहाला पुन्हा पाहिले, तेव्हा पेटीत एक नवी नोंद होती. वेळ ५.५८. सू-युएंच्या घड्याळात आणि पेटीत ती आता एकच होती.

नोंद अशी : घड्याळ तेरा मिनिटे पुढे केले.